सोलापूरकडचं माळवदाचं जुनं घर राहण्याजोगं कसं करायचं, पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

जुनं घर रिनोव्हेट करायचं म्हटलं की लोक आधी मोबाईल काढतात आणि व्हिडिओ बघत बसतात, आणि व्हिडिओ निम्म्याहून जास्त कोकणातले. लाल जांभ्याच्या भिंती, उतरती मंगलोरी कौलं, मागं माडाची झाडं. बघायला छानच आहे ओ, पण ते बघून बार्शी-मंगळवेढ्याकडच्या आजोबांच्या वाड्यावर तेच करायला गेलं की पैसे पाण्यात. रत्नागिरीकडं वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो म्हणून तिथं छप्पर तिरकं, खारी हवा लोखंड खाते म्हणून बिजागऱ्या-खिळ्यांपासून काळजी घ्यायची. आपल्याकडं वर्षाचा पाऊस साडेपाचशेच्या आसपास, मे महिन्यात ४२-४३ डिग्री ऊन आणि खाली काळी माती. त्यामुळं आपल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, खिडक्या बारक्या आणि वर सपाट माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर माती घालून केलेलं छत.

पाऊस कमी म्हणून आपल्याला वाटतं पाण्याची काय भीती. पण ही घरं मातीत बांधलेली आहेत. दगड दिसतो बाहेरनं, आत दरजा (दगडांमधले सांधे) मातीच्या, छत मातीचं. ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर शहरात आणि पंढरपूरकडं एका दिवसात केवढा कोसळला ते आठवा, सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरानं काय केलं ते तर अजून ताजं आहे. वर्षभर काही नाही आणि एकदम दोन दिवसात सगळं, असा आपला पाऊस. म्हणून खाली जे काही सांगतोय त्यात पाणी आधी, बाकी सगळं नंतर. टाईल, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग हे शेवटच्या महिन्यातले विषय आहेत आणि लोक तिथूनच सुरू करतात.

कागद आणि भाऊबंद

हे कंटाळवाणं आहे पण इथंच कामं अडकतात. शहरात पेठेतलं घर असेल तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा, गावात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, आणि स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी झाली असेल तर त्याची सनद मिळते का बघा. नावं कुणाकुणाची आहेत ते नीट वाचा. २००५ नंतर मुलींनाही मुलाइतकाच हिस्सा आहे, त्यामुळं आत्या-बहिणींना न विचारता वाड्यावर पंधरा-वीस लाख घातले आणि नंतर कुणी वाटणी मागितली तर बोलायला जागा राहत नाही. ज्यांना हिस्सा नकोय त्यांच्याकडून हक्कसोड पत्र रजिस्टर करून घ्या, तोंडी 'तू कर रे बाबा, आमचं काही नाही' यावर कामाला लागू नका.

रंग, प्लास्टर, फरशी अशा कामाला सहसा परवानगी लागत नाही, पण भिंत पाडणं, मजला चढवणं, छताचा प्रकार बदलणं यासाठी महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागात किंवा ग्रामपंचायतीत आधी विचारा. आणि घर सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या जवळ असेल तर वेगळंच प्रकरण, कारण किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे, त्यापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी, दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागते, आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र.

काही तोडायच्या आधी घर वाचा

शक्य असेल तर एक पावसाळा घर नुसतं बघा. कुठं गळतंय, कुठल्या भिंतीला ओल चढतीय, न्हाणीचं पाणी कुठं जातंय. पावसाळ्यापर्यंत थांबायला वेळ नसेल तर माळवदावर दोन-तीन घागरी पाणी ओतून पन्हाळीतनं खाली येतंय का तिथंच जिरतंय एवढं तरी बघा.

मग लाकूड. हातात एक लांब स्क्रू ड्रायव्हर नाहीतर टोच्या घ्या आणि शिडी लावून प्रत्येक तुळईचं टोक, जिथं ती भिंतीत शिरते तिथं, टोचून बघा. मधला भाग बहुतेक वेळा ठणठणीत असतो, ठोकलं की खणखणीत आवाज येतो, सागवान असेल तर विचारूच नका. टोकाला मात्र भिंतीची ओल वर्षानुवर्षं मुरलेली असते, तिथं वरनं रंग शाबूत दिसतो आणि टोच्या लोण्यात गेल्यासारखा मुठीपर्यंत आत जातो. हे एक टोक सापडलं की त्या खोलीत त्या दिवसापासून झोपायचं बंद आणि खाली लोखंडी जॅकचे ठेपे लावायचे, बाकीचं नंतर. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवर दिसल्या तर वाळवी, लाकडाखाली पिठासारखा भुगा पडलेला दिसला तर भुंगा, दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

भिंतींना एका अंगानं डोळा लावून सरळ रेषेत बघा, पोट सुटलंय का. आपल्याकडची दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, बाहेरची घडीव दगडाची, आतली ओबडधोबड, आणि मध्ये माती-कपच्यांची भर. वरनं पाणी शिरलं की मधली माती खाली बसते आणि बाहेरचा थर फुगून बाहेर येतो, हेच ते पोट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जी घरं पडली त्यातली किती तरी अशीच होती, आरपार जाणारे दगड नाहीत, दरजा मातीच्या आणि डोक्यावर माळवदाचा भार. त्यामुळं पोट सुटलेली भिंत गवंड्याच्या भरवशावर सोडू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा, आणि असा आणा की ज्यानं दगड-मातीचं काम केलंय, नाहीतर तो आल्या आल्या 'पाडा' म्हणतो.

भेगांचं एक सांगतो. काळ्या मातीवरचं घर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात थोडं हलतंच, माती सुकली की आकसते, भिजली की फुगते. म्हणून भेग दिसली की लगेच भरायची नाही. भेगेवर आडवी काचेची बारीक पट्टी चिकटवा, शेजारी पेन्सिलनं तारीख लिहा. काच सहा-आठ महिन्यात तडकली नाही तर भेग जुनी आहे, भरून टाका. तडकली तर पाया किंवा पाणी, दोन्हीपैकी एक काहीतरी चालू आहे.

छत

माळवदाची गंमत अशी आहे की ते दरवर्षी जड होतं. पूर्वी मृग निघायच्या आधी वर नवी माती टाकायची पद्धत होती, जुनी काढायची कुणी नाही, त्यामुळं मूळ नऊ इंचाचा थर दीड-दीड, दोन-दोन फुटांवर गेलेला असतो. हिशोब करा. दाबलेल्या कोरड्या मातीचा एक घनफूट साधारण ४५ किलो. दहा बाय बाराची खोली आणि दीड फूट माती म्हणजे १८० घनफूट, म्हणजे आठ टन, आणि भिजली की दहा टनाजवळ. हे सगळं त्या कुजक्या टोकांवर. म्हणून पहिलं मोठं काम कुठलं तर वरची माती उतरवणं. एका बाजूनं सगळी खाली ओढायची नाही, दोन्ही बाजूंनी सारखी थोडी थोडी आणि खाली ठेपे लावूनच. उतरवलेली माती फेकू नका, चाळून दरजा भरायला हीच लागते.

पुढं तीन रस्ते आहेत.

एक, माळवद माळवदच ठेवायचं. तुळया-सर, म्हणजे छताचं वजन पेलणारी मोठी लाकडं, बघून बदलायची, त्यावरच्या किलच्या (लाकडाच्या चिपा) नाहीतर फळ्या नव्या, त्यावर निंबाचा पाला पूर्वीसारखा, मग सहा-आठ इंच पांढरी माती चुना मिसळून ठोकून घट्ट केलेली, वर चुना आणि विटांच्या भुग्याचा कोबा. उतार दहा फुटाला दोन-अडीच इंच तरी पाहिजे आणि पन्हाळी भिंतीपासून फूटभर बाहेर, नाहीतर छताचं पाणी भिंतीच्याच बोडक्यावर. उन्हाळ्यात ह्या छताला तोड नाही, पण दरवर्षी वर जाऊन बघायला माणूस पाहिजे.

दोन, माळवद हलकं करायचं आणि त्याच्या वर तीन-चार फूट मोकळी हवा सोडून पत्र्याचं शेड मारायचं. दिसायला बरं नाही, मान्य आहे, पेठेतनं बघितलं की वाडा आहे का गोडाऊन कळत नाही. पण ऊन थेट माळवदावर येत नाही, पाऊस येत नाही, वर वाळवणाला जागा मिळते, आणि खर्च तिन्हीत कमी. जे पुण्यात राहतात आणि वर्षातनं दिवाळीला आणि गड्ड्याला (संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला) तेवढे येतात त्यांना मी तर हेच करा म्हणतो. शेडचे पाईप मातीच्या भिंतीवर नुसते ठेवू नका, एप्रिलच्या वळवाच्या वाऱ्यानं पत्रे शेजाऱ्याच्या अंगणात जातात, खाली जमिनीपर्यंत स्वतंत्र खांब न्या.

तीन, स्लॅब. सगळ्यांना हाच पाहिजे असतो. वजनाचा हिशोब केला तर पाच इंची स्लॅब दीड फुटी माळवदाच्या निम्म्यानंही भरत नाही, त्यामुळं 'स्लॅबचं वजन भिंतीला झेपत नाही' हे कारण अर्धवट आहे. अडचण अशी की आपल्या उन्हात स्लॅब दिवसा पसरतो, रात्री आकसतो, आणि खालच्या मातीच्या दरजांना तो रोजचा ओढाताणीचा खेळ सहन होत नाही, भिंतीच्या माथ्याला आडवी भेग धरते. शिवाय रात्री दहा वाजता सुद्धा खोली भट्टी. करायचाच असेल तर सगळ्या भिंतींवरनं सलग आरसीसीचा पट्टा, किंवा सरळ स्वतंत्र कॉलम, आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचं मोझेक. इंजिनिअरनं ड्रॉइंग दिल्याशिवाय नको.

पेठेतल्या काही घरांना गर्डर आणि शहाबादी फरशीचं छत असतं, ते बरंच टिकतं, तिथं गर्डर गंजून फुगलाय का आणि वरचे सांधे उघडलेत का एवढं बघा.

भिंतीला सिमेंट लावायचं नाही

हे ऐकून गवंडी हसणार. हसू दे. मातीच्या दरजांची भिंत जमिनीतनं ओल ओढते आणि बाहेरच्या हवेत सोडते. वरनं सिमेंटचं प्लास्टर मारलं की ओलीला बाहेर पडायला जागा नाही, ती वर चढते, आतले क्षार पृष्ठभागाशी येऊन लोणा धरतो आणि दोन-तीन वर्षांत प्लास्टर पापडासारखं सुटतं, सोबत दगडाची कपची घेऊन. मग लोक वॉटरप्रूफ पुट्टी लावतात, मग टाईल, आणि ओल टाईलच्या वर डोक्याएवढ्या उंचीवर निघते. खाली बाहेरच्या अंगाला जोत्याशी मातीचा ढीग साचला असेल तर तो काढणं, पाणी घरापासून लांब जाईल असा उतार देणं आणि न्हाणीची गळकी मोरी बंद करणं, बहुतेक वेळा अर्धी ओल एवढ्यानंच जाते.

दरजा आणि प्लास्टरला चुना. कळीचा चुना (भाजलेला, अजून पाणी न लागलेला) आणायचा, लोखंडी टाकीत आधी पाणी आणि मग त्यात चुना थोडा थोडा टाकायचा, उलटं करू नका, उकळून अंगावर उडतो. डोळ्याला गॉगल, हाताला रबरी मोजे, पोरंटोरं लांब. पाण्याखाली किमान दोन आठवडे राहू द्या, जास्त राहिला तर चांगलाच, मग जाळीतनं गाळला की लोण्यासारखा लगदा मिळतो. एक भाग लगदा, तीन भाग धुतलेली वाळू, जिथं पाणी लागणार तिथं थोडी वाळू कमी करून विटांचा बारीक भुगा. जुने लोक गुळाचं पाणी आणि भिजवलेला हिरडा घालायचे, अजून घालतात. भिंत आधी भिजवून घ्या, थर अर्ध्या इंचाच्या आत, वरनं ओलं गोणपाट आठवडाभर. आधी मागच्या परसाच्या भिंतीवर दोन बाय दोन फुटाचा तुकडा करून महिनाभर ठेवा, भेगा पडल्या तर वाळू वाढवा, बोटानं भुगा निघाला तर चुना कमी पडलाय. रंगसुद्धा चुन्याचाच द्या, प्लास्टिक पेंटनं सगळी मेहनत वाया.

फरशीचं पण तेच. शहाबादी आहे ती काढून व्हिट्रिफाईड घालायची घाई करू नका. सांध्यांतनं जमिनीची ओल जी थोडी थोडी वर येत होती ती चकचकीत टाईलखाली अडली की बाजूच्या भिंतीत जाते. शहाबादी उचलून, खाली नीट बसवून, चुन्यात सांधे भरून, पॉलिश मारली तर नवीन दिसते आणि मे महिन्यात पायाला गार.

राहण्यासाठीचं काम

टॉयलेट-बाथरूम परसाच्या बाजूला, जमिनीवर, शक्यतो मूळ भिंतीला न चिकटता स्वतंत्र विटांच्या भिंतीत करा. लाकडी माडीवर बाथरूम काढू नका, कितीही वॉटरप्रूफिंगची गॅरंटी दिली तरी. पाण्याच्या टाकीचंही बघा. नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला सांगायला नको, चार माणसांना पाच दिवस काढायचे तर दोन हजार लिटर लागतात, म्हणजे दोन टन वजन, आणि ते लोक बिनधास्त माळवदावर ठेवतात. जमिनीत हौद करा आणि बाथरूमच्या नव्या भिंतींवर लहान टाकी. घरात आड असेल तर बुजवू नका, गाळ काढून जाळी लावा, वापराला पाणी मिळतं.

वायरिंग सगळं नवीन. जुनी लाकडी पट्टीतली वायर ठेवायची हौस असेल तर रिकामी पट्टी ठेवा शोभेला. दगड-मातीच्या भिंतीत खाचा मारून कन्सील करायला लावू नका, भिंत खिळखिळी होते, वरनंच पाईप न्या, लाकडाच्या कडेनं नेला तर दिसतही नाही. एमसीबीसोबत आरसीसीबी (करंट कुठं गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग पाहिजेच, ओल्या भिंतींच्या घरात तर पाहिजेच पाहिजे. एसीची घाई नको, आपली हवा कोरडी आहे, कूलर चांगला चालतो.

उजेडासाठी भिंती फोडून मोठ्या खिडक्या काढायचा मोह होतो. त्यापेक्षा माळवदाला जे सानं (उजेड-हवेसाठी छतात ठेवलेलं भोक) आहे ते उघडा, भोवती नऊ इंचाचा कठडा बांधून वर टफन काच, एका बाजूनं जाळी ठेवून गरम हवा जाऊ द्या. माजघरात भर दुपारी पुस्तक वाचता येईल एवढा उजेड पडतो. कोनाडे-देवळ्या बुजवू नका, त्यातच वायफायचा राऊटर नाहीतर मसाल्याचे डबे छान बसतात. धान्याचं बळद असेल तर आत काय जिवंत आहे ते बघूनच हात घाला.

माणसं, पैसे, महिने

'पाडून टाकू, लाकूड आम्ही घेतो, पाडायचे पैसे नकोत' असं कुणी म्हणालं तर समजा की त्याची नजर तुमच्या सागवानावर आहे. लाकडाची मापं आणि फोटो काढून ठेवा, मगच कुणाला आत घ्या.

दगडाचं काम वडार मंडळींकडून, लाकडाचं अशा सुताराकडून ज्याला जुन्या तुळईला नवं टोक सांधता येतं, पूर्ण तुळई बदलायची गरज फार कमी वेळा असते. चुन्याचं काम चौरस फुटानं ठेक्यावर देऊ नका, घाई होते, हजेरीवर घ्या. आणि जेवढा अंदाज निघेल त्यावर चौथा हिस्सा बाजूला ठेवा, भिंत उघडल्यावर काय निघतं ते आधी कुणालाच दिसत नाही.

दिवाळी झाली की सुरू करा. चुन्याचं सगळं काम फेब्रुवारीपर्यंत आटपा, मार्चनंतरच्या उन्हात चुना पकडायच्या आधीच सुकून जातो. संक्रांतीला गड्डा भरला की तेवढे दिवस कुणी कामाला येत नाही, त्यानंतर ज्वारीची काढणी, हे धरूनच तारखा द्या. छत कुठल्याही परिस्थितीत मे संपायच्या आत, उघड्या माळवदावर मृगाचा पाऊस पडला तर वर्षाचं काम गेलं.

घरात राहायला आल्यावरही मे महिन्यात एकदा वर चढायचं, पन्हाळीतला पाला-माती काढायची, उंदीर-घुशींची बिळं बुजवायची, दगडाच्या सांध्यात पिंपळाचं रोप आलं असेल तर बोटभर असतानाच मुळासकट उपटायचं. बाहेरगावी असाल तर एक चावी शेजारच्या काकूंकडं ठेवा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर छताचे फोटो मागवा. डाग दिसला की त्याच्याभोवती खडूनं रेघ मारून तारीख लिहायला सांगायची, पुढच्या पावसात डाग रेघेच्या बाहेर गेला तर आधी पन्हाळीपाशी उतार तपासा, आणि तिथं काही सापडलं नाही तर सान्याच्या कठड्याचा सांधा.